मदत हवी आहे : मोटारी एकदम उलट फिरवल्या की रोबोवरचा राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो

नमस्कार. सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रोबोकॉन (महाविद्यालयीन रोबो-स्पर्धा) संघातर्फे हा प्रश्न विचारत आहे. स्पर्धेच्या रोबोंवर वायरलेसची जोडणी आणि तिचा वीजपुरवठा प्रत्यक्ष हाताळलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रोबोवर चार सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आहे. तिच्यावरूनच चारही चाकांच्या मोटारी चालतात आणि एलएम2596 या चिपच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करून देणाऱ्या मंडलातून) राउटरला 12 व्होल्ट मिळतात. राउटरला इथरनेटने रास्पबेरी पाय 4 हा रोबो चालवणारा छोटा संगणक जोडलेला असून चालकाचा लॅपटॉप वायफायवरून राउटरशी बोलतो. पायचा 5 व्होल्टचा कन्व्हर्टर वेगळा आहे आणि त्याची काहीच तक्रार नाही. चाके अधांतरी ठेवून रोबो कितीही वेळ चालवला तरी संपर्क तुटत नाही. जमिनीवर मात्र पूर्ण वेगात असताना दिशा एकदम उलटवली की राउटरचे सगळे दिवे विझतात, मग फक्त पॉवरचा दिवा लागतो आणि वायफाय परत येईपर्यंत जवळजवळ एक मिनिट जातो. सामन्यात एवढा वेळ गेला तर पुढे खेळण्यात अर्थच उरत नाही.

संघातील काहींच्या मते दोष वायफायचा आहे, कारण सरावाच्या हॉलमध्ये मोबाइलचे हॉटस्पॉट भरपूर असतात. मला ते पटत नाही. गर्दीमुळे संपर्क तुटेल, पण राउटरचे दिवे का विझतील? शिवाय बॅटरी नुकतीच चार्ज केलेली असताना हा प्रकार घडत नाही, ती अर्ध्यावर आली की सुरू होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्याने त्यावर 12 व्होल्ट स्थिर दिसतात. ऑसिलोस्कोप लावल्यावर मात्र मोटारींनी प्रवाह ओढताच बॅटरी 13 व्होल्टच्या खाली जाताना आणि तिच्यामागोमाग राउटरचा पुरवठाही कोसळताना दिसला. या कन्व्हर्टरला 12 व्होल्ट देण्यासाठी आत साधारण दीड व्होल्ट जास्त लागतात; तेवढी तफावत उरली नाही की तो नियंत्रण सोडतो.

अमेरिकेतील फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत रोबोवरच्या जुन्या रेडिओला (म्हणजे वायफाय राउटरला) नियमाने ठरवून दिलेल्या नियंत्रकातूनच 12 व्होल्ट द्यावे लागत, आणि बॅटरी 12 व्होल्टच्या बरीच खाली गेली तरी तो नियंत्रक आपला पुरवठा टिकवून धरत असे. म्हणून बक-बूस्ट कन्व्हर्टर (आतले व्होल्टेज कमी असो वा जास्त, बाहेर ठरलेलेच देणारा) बसवावा, की राउटरपुरती तीन सेलची छोटी लायपो वेगळी ठेवावी, असा आमचा पेच आहे. वेगळी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर 12.6 व्होल्ट देते. 12 व्होल्टच्या साध्या घरगुती राउटरला ती थेट जोडणे कोणी केले आहे का? शॉटकी डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा, कमी व्होल्टेज खाणारा घटक) लावून त्यापुढे कपॅसिटर ठेवण्याचीही सूचना आली. परंतु अर्ध्या अँपिअरच्या भाराला 1000 मायक्रोफॅरॅडवर दर 2 मिलिसेकंदांना एक व्होल्ट उतरतो, त्यामुळे लांब झटक्याला तो पुरणार नाही, असा माझा हिशेब आहे. तो चुकत असल्यास जरूर सांगावे.

त्याच ओघात आणखी दोन गोष्टी विचारतो. राउटर 5 गिगाहर्ट्झवर नेऊन चॅनल 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांपैकी एकावर कायमचा बांधण्याचा विचार आहे, कारण ‘ऑटो’ ठेवल्यास तो रडारही वापरतात अशा चॅनलवर जाऊन सुरू होण्याआधी रडार आहे का हे 60 सेकंद ऐकत बसू शकतो. स्पर्धेच्या ठिकाणी यांपैकी कोणता पट्टा कमी गजबजलेला असतो? दुसरे म्हणजे, राउटरची गोल पिन धक्क्यांनी सैल होते आणि सध्या ती आम्ही केबल टायने आवळतो. पिन काढून तारा थेट बोर्डावर सोल्डर कराव्यात, की स्क्रूने कसणारा प्लग मिळतो? सोलापुरात नवी पेठेतील दुकानांत तसा मिळाला नाही, पुण्याहून मागवायचा झाल्यास नेमके कोणते नाव सांगावे?