मदत हवी आहे: कमिशन सुरू केलं आणि दुकानातलं वातावरण बिघडलं

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं साड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. गादीवर चार सेल्समन, दिवाळीपर्यंत सगळ्यांना नुसता पगार. तुळशीचं लग्न झालं की बस्त्यांची गर्दी सुरू होते, म्हणून ज्याच्या हातून विक्री त्याला बिलावर 1 टक्का असं ठरवलं. (कल्पना माझीच, कबूल.)

पहिला महिना झकास गेला. आता दारात गाडी थांबली की दोघं एकदम उठतात. एकटी बाई ब्लाउजपीस मागायला आली तर "वर बघा, वहिनी" म्हणून जिन्याकडे बोट. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या कुणी घालायच्या यावरून रोज कुरबुर, कारण घड्यांना कमिशन नाही.

खरी काळजी अण्णांची आहे. 22 वर्षं आमच्याकडे, बोलणं अगदी मोजकं. बस्त्याला दहा माणसं आली की हे आधी नुसत्या साड्या टाकत राहतात आणि पदर उलटून मागची बाजू कोण बघतंय ते हेरतात. पुढचं सगळं बोलणं त्या बाईशी. मागे एका काकूंना स्वतःहून म्हणाले, "ही नका घेऊ, हिचा रंग सुटतो." 5 हजारांची साडी परत कपाटात! त्या काकू आठवड्याने जावेला घेऊन आल्या, तेव्हा अण्णा जेवायला गेले होते. बिल दुसऱ्याच्या नावावर. महिनाअखेरीला अण्णांचं कमिशन सगळ्यांत कमी. बोलले काही नाहीत, पण हल्ली साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवत नाहीत.

नेटवर वाचलं, 2013 साली अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 340 सेल्समनचा अभ्यास केला, त्यात फार बडबडे आणि फार अबोल दोघंही मागे पडले, मधले पुढे गेले. पण ते फोनवर विकणारे. गादीवरचं गणित वेगळं असावं.

नवरा म्हणतो बंद करून टाक. पण दिलेलं काढून घेतलं तर धाकटा पोरगा समोरच्या दुकानात जाईल, आणि तोही कामाला वाईट नाही.

कुणी कमिशन एकत्र करून सगळ्यांत वाटता का? मग कामचुकाराचं काय करता? ओळखीने परत आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कशी ठेवता? अण्णांना वेगळं काही द्यायचं तर बाकीचे विचारणारच, आणि पदर हेरणं बिलावर कसं दाखवू? अक्षय्य तृतीयेच्या आत ठरवायचंय.