पसायदान आणि ब्रास बँड: जमेल का?

कृष्णाकाठ (सांगली):
पसायदानाच्या नऊ ओव्या वृंदगान आणि ब्राससाठी (पितळी फुंकवाद्यांसाठी) बसवतोय. २४ गळे, दोन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य). वादक लग्नाच्या बँडमधले. सा, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, पेटीच्या काळी पाचवर धरलाय, कारण ट्रम्पेट बी फ्लॅटचा आणि काळी पाच म्हणजे तोच स्वर. पहिल्या तालमीत 'दुरितांचें तिमिर जावो'ला ट्रम्पेट असे सुटले की तिमिराबरोबर शब्दही गेले. तरी करायचंच म्हणतो. मतं सांगा.

तंबोरा_मिरज:
अहो, सा गळ्यासाठी धरतात, पितळेसाठी नाही! काळी पाचला तुमचे पुरुष एकतर खाली गुरगुरणार नाहीतर वर ओरडणार. बटणांच्या वाद्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं, कशी काढणार? आणि ओवी साडेतीन चरणांची. चौथा तोकडा, 'पसायदान हें' म्हणून थांबायचं. बँडवाल्याला ती मोकळी जागा दिसली की हात शिवशिवणारच.

कृष्णाकाठ:
मींड ट्रॉम्बोन काढतो, त्याची नळी सरकते. पुरुषांचं मात्र खरंय, काल दोघांचे घसे बसले.

अल्टो_ताई:
मी चर्चमध्ये गाते, म्हणून सांगते. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये संगीतकार गाब्रिएली गायक आणि पितळी वाद्यांचे वेगवेगळे गट करून त्यांना एकमेकांना उत्तरं द्यायला लावत. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरच्या १८८५ च्या 'एक्के सासेर्दोस' या चर्चगीतामध्ये गायकांबरोबर तीन ट्रॉम्बोन आणि ऑर्गन आहे. ऑस्ट्रियातल्या चर्चमध्ये तर ट्रॉम्बोन आल्टो, टेनर, बास (बायकांचा खालचा, पुरुषांचा वरचा आणि खालचा आवाज) यांचीच ओळ वाजवायचे, गळ्याला आधार म्हणून. तेवढंच करा. ट्रम्पेट शेवटच्या ओवीपर्यंत गप्प.

तंबोरा_मिरज:
ताई, ती दगडी चर्चं, घुमणारी. इथे पत्र्याचं मंगल कार्यालय! तिथे पितळ घुमत नाही, खणखणतं.

हार्मोनियमवाला_सातारा:
चाल कोणती? शब्द शके १२१२ चे, त्यांना कोण अडवणार! पण हृदयनाथांची लताबाईंनी गायलेली चाल घेऊन चार आवाजांत मांडणार असाल, तर आधी परवानगी घ्या.

कृष्णाकाठ:
नाही हो, आमच्या गल्लीतल्या हरिपाठाच्या मंडळींची चाल आहे. कुणी बांधली, कुणालाच माहीत नाही. आजची तालीम सांगतो. सा काळी दोनवर आणला, ट्रम्पेटवाले कुरकुरले. ट्रॉम्बोन नुसते गळ्यांखालून चालले. मध्येच युफोनियमवाले मामा म्हणाले, "साहेब, त्या छोट्या ओळीला आम्ही सगळे थांबलो तर चालेल? आम्हालाही ऐकायचंय." थांबले. नऊही वेळा.

तंबोरा_मिरज:
मामांना माझा नमस्कार सांगा. ट्रम्पेट मात्र नकोच.