‘डेटा प्रोटेक्शनमधील ५० प्रभावशाली व्यक्ती’: पैसे भरून मानचिन्ह घ्यावं का?

पेठेतली:
मंडळी, सल्ला हवाय. पुण्यात एका मध्यम हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्स बघते. २०२३ चा डीपीडीपी, म्हणजे लोकांची डिजिटल वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा आला तेव्हा ‘हेही तूच बघ’ म्हणून साहेबांनी ते काम गळ्यात घातलं. परवा मेल आला, डेटा प्रोटेक्शनमधल्या ५० प्रभावशाली व्यक्तींत म्हणे माझी निवड झालीय. सोहळा दिल्लीत. मानचिन्ह, फोटो आणि दोन मिनिटं भाषण, याचे ३५ हजार अधिक जीएसटी. मागोमाग फोनही आला, तोही घरच्या नंबरवर. तो कुठून मिळाला विचारलं तर बाई नुसती हसली.

माझा पराक्रम एवढाच की ओपीडीच्या खिडकीत आधारच्या झेरॉक्सची चळत उघडी पडलेली असायची, ती बंद केली. त्यासाठी तीन महिने रिसेप्शनशी भांडले. नवरा म्हणतो, जाऊन ये, लिंक्डइनवर टाकता येईल. या क्षेत्रात खरंच प्रभावशाली कोणाला म्हणायचं?

फ्रँकफुर्टकर:
आधी घरचाच दाखला देतो. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७० मध्ये जर्मनीतल्या आमच्या हेसेन राज्याने केला. त्यामागे डोकं होतं स्पिरोस सिमिटिस यांचं. अथेन्समध्ये जन्मलेले हे प्राध्यापक पुढे १९७५ ते १९९१ या राज्याचे डेटा संरक्षण आयुक्त होते. आज ऑफिसात त्यांचं नाव काढलं तर तरुण पोरं गूगल करतात.

दुसरा माक्स श्रेम्स. २०११ मध्ये कायद्याच्या या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने फेसबुककडे स्वतःचा डेटा मागितला. जवळजवळ १२०० पानं आली, त्यात त्याने डिलीट केलेलंही होतं! तो आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रारी घेऊन गेला. त्यातून युरोप-अमेरिका डेटा पाठवण्याच्या दोन्ही व्यवस्था युरोपीय न्यायालयाने मोडीत काढल्या, २०१५ ला सेफ हार्बर आणि २०२० ला प्रायव्हसी शील्ड. त्या दुसऱ्या निकालाच्या आठवड्यात मी गावी यायची तयारी सोडून अमेरिकन सर्व्हरवाल्यांचे करार उपसत बसलो होतो. माझ्या सुट्टीवर एवढा प्रभाव दुसऱ्या कोणाचा पडलेला नाही.

खवचट:
३५ हजारांत मानचिन्ह पितळी की प्लास्टिकचं? जीएसटीचं पक्कं बिल मागा, बघा काय होतं.

वकीलकाकू:
आपल्याकडे पहिलं नाव न्या. पुट्टस्वामी. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन कित्येक वर्षं झालेली, वय ८६, आणि २०१२ मध्ये आधारविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुट्टस्वामी २०२४ मध्ये गेले. मग आपल्या मुंबई उच्च न्यायालयात वकिली आणि न्यायदान केलेले न्या. श्रीकृष्ण. डेटा संरक्षण कायद्यासाठीच्या त्यांच्या समितीचा मसुदा २०१८ चा. नंतर झालेला कायदा त्यापासून कुठल्या कुठे गेला, पण ते भांडण दुसऱ्या धाग्यावर काढू.

ताई, पैसे भरू नका. उलट लेखी विचारा की नंबर कुठून घेतला आणि कोणाच्या संमतीने. डीपीडीपी कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे ते सोहळावाले गप्प बसू शकतील. तरी विचाराच. आणि ती चळत बंद झाली, पण आधीच्या झेरॉक्स गेल्या कुठे? रद्दीत?

पेठेतली:
काकू, बरोबर पकडलंत. तीन पोती स्टोअररूममध्ये आहेत. उद्या श्रेडर मागते.

त्यांना लेखी विचारलं. उत्तर आलं, ‘निवड प्रक्रिया गोपनीय असते.’ फी मात्र १८ हजारांवर आलीय.