मुलीचे मेसेज आईने चोरून वाचावेत का?

रातराणी (धागाकर्ती)
मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या फोनचा पासवर्ड मला माहीत आहे, हे तिला ठाऊक नाही. गेले दोन महिने ती झोपली की मी तिचे मेसेज वाचते. वाचताना हात थरथरतात, तरी राहवत नाही.

मागच्या आठवड्यात तिचं इन्स्टाग्रामवरचं दुसरं अकाउंट सापडलं. त्यात तिने वय अठरा टाकलंय. तिथे एक मुलगा तिच्याशी बोलतो. स्वतःला पंधरा वर्षांचा म्हणवतो. रोज रात्री साडेदहानंतरच येतो. "तुझ्या घरच्यांना तू कळलेलीच नाहीस", "हे आपल्या दोघांतच राहू दे", असं लिहितो. उत्तराला उशीर झाला की रुसतो. परवा म्हणाला, इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर ये, तिथे मेसेज आपोआप पुसले जातात.

बोलावं तर माझी चोरी उघडी पडते. गप्प बसावं तर छातीत धडधडतं. नवरा म्हणतो, फोन काढून घे आणि विषय संपव. तुम्ही काय कराल?

धूमकेतू
तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. फोन आजच काढून घ्या. तेरा वर्षांच्या मुलीची कसली आलीय प्रायव्हसी? लहान मूल रस्त्यावर धावलं तर आपण त्याची परवानगी घेऊन हात धरतो का? चोरून वाचलंत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. वाचलंत म्हणून तर कळलं!

पाटीपेन्सिल
धूमकेतू, तुमची काळजी समजते, पण फोन काढून घेण्याशी मी ठामपणे असहमत आहे. वीस वर्षं शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठवीतला एक मुलगा चार दिवस वर्गात डबा उघडत नव्हता. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला. एका ऑनलाइन खेळाच्या चॅटमध्ये कुणी 'मुलगी' भेटली होती. तिने गोड बोलून त्याला दुसऱ्या अ‍ॅपवर नेलं आणि आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला. मग त्याच्याकडून मागितला. त्याने पाठवल्यावर पाच मिनिटांत भाषा बदलली: पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवते. मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "आई फोन काढून घेईल."

बाई, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. त्या माणसाने चार दिवस त्याला ज्या भीतीवर नाचवलं, ती भीती आपण मोठ्यांनीच घरात तयार ठेवली होती. मुलाला संकटापेक्षा शिक्षेची धास्ती जास्त असेल, तर ते संकट एकट्यानेच सोसतं.

तुम्ही सांगितलेली लक्षणं मात्र गंभीर आहेत. घरच्यांविरुद्ध कान भरणं, गुपित ठेवायला लावणं, पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर नेणं, हा क्रम मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांचा ठरलेला असतो. तो खरंच पंधराचा असेलही, पण तसं धरून चालू नका. मुलीच्या नावाने स्वतः त्याच्याशी बोलायला जाऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्याचं अकाउंट नाव टिपून ठेवा, मग रिपोर्ट आणि ब्लॉक करा. रागाच्या भरात अकाउंट उडवलंत तर पुरावाही जाईल. त्याने फोटो मागितला असेल किंवा धमकी दिली असेल, तर सरळ पोलिसांकडे जा.

आणि देव न करो, फोटो गेलाच असेल, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा, म्हणजे तो फोटो ओळखणारा आकड्या-अक्षरांचा संकेत, तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडचा फोटो शोधून काढून टाकतात. नाव न देताही वापरता येते. त्या मुलाच्या वेळी मला हे माहीत असतं, तर त्याची एक रात्र तरी कमी जागून गेली असती.

उंबरठा
वय अठरा टाकलंय, तिकडे जास्त लक्ष द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी वेगळी अकाउंट जाहीर केली. त्यात अकाउंट आपोआप खाजगी राहतं आणि अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही. अठरा सांगितल्यामुळे तुमची मुलगी मोठ्यांच्या अकाउंटमध्ये गेली आणि हे संरक्षण तिला मिळालंच नाही.

धूमकेतू
पाटीपेन्सिल, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या हातात ते अ‍ॅप नसतं तर? तुम्ही संवाद संवाद म्हणता. समोर कोण आहे ते बघा. खालपर्यंत कधीच न संपणारी फीड, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, सलग किती दिवस बोललात त्याचा आकडा. हे सगळं थांबता येऊ नये म्हणूनच बनवलंय. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस रात्री फोन खाली ठेवू शकत नाही आणि तेरा वर्षांच्या पोरीने ठेवावा?

म्हणून मला ऑस्ट्रेलियाचा निर्णय पटतो. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा आईबापांना नाही, कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. "सगळ्यांकडे आहे, मलाच नाही" हे मुलांचं रडगाणं कायद्यानेच संपतं. एकेकट्या आईबापाला ते झेपत नाही हो.

उंबरठा
शेवटचं वाक्य पटलं. पण त्या बंदीत व्हॉट्सअ‍ॅपसारखी मेसेजची अ‍ॅप नाहीत, ऑनलाइन खेळ नाहीत. वरचा आठवीतला मुलगा तर खेळाच्या चॅटमध्येच सापडला. आणि वय खोटं सांगण्याचं काय करणार? अकाउंट उघडायला आज बहुतेक ठिकाणी दिसणारी किमान तेरा वर्षांची अट तरी कुठून आली? अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यातून. तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नका, एवढंच तो सांगतो. तेराव्या वर्षी मूल शहाणं होतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, पण आपण तसं धरून बसलो.

कोवळं_ऊन
मी एकोणीस वर्षांची आहे, मुलीच्या बाजूने लिहिते. माझी आई माझे मेसेज वाचायची. मला कळलं तेव्हा मी काही सुधारले नाही, हुशार झाले. मैत्रिणीच्या फोनवरून बोलायला लागले. पुढे एकाने खरंच त्रास दिला, तेव्हा आईला सांगायची इच्छा होती, पण तोंड उघडेना.

आणखी एक. आईने माझे बाथटबमधले, शाळेच्या गणवेशातले, पहिल्या पाळीनंतरचे फोटो मला न विचारता टाकले होते. मग माझ्या प्रोफाइलवर काय आहे हे ती कोणत्या तोंडाने विचारणार होती?

धूमकेतू
कोवळं_ऊन, हे वाचून थांबलो. माझ्या मुलाचे फोटो मीही टाकलेत. आज बसून काढतो.

तरी माझं एक म्हणणं कायम आहे: रात्री फोन मुलांच्या खोलीत नको. ही शिक्षा नाही, घरातल्या सगळ्यांना एकच नियम, आईबापांनाही. साडेदहानंतरच येणाऱ्या माणसाचा निम्मा धंदा तिथेच बंद होईल.

पाटीपेन्सिल
याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त आधी बोला, मग नियम.

रातराणी (धागाकर्ती)
काल रात्री बोलले. दिवा मालवून तिच्या पलंगावर बसले, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही, तिलाही आणि मलाही. आधी माझी चोरी सांगितली. म्हटलं, फोन तुझाच राहील, फक्त आजपासून रात्री आपल्या तिघांचेही बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.

बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "किती दिवसांपासून वाचतेस?" मी म्हटलं, दोन महिने. ती रडली, माझा हात झिडकारला. नंतर पाठ न वळवता म्हणाली, "त्याने फोटो मागितलाय. मी दिला नाहीये अजून."

स्क्रीनशॉट आम्ही दोघींनी मिळून घेतले. आता तिला घेऊन पोलीस स्टेशनला निघालोय.