सुकी फळं आणि धुरी दिलेलं मांस: हा पदार्थ सिलेशियाचा असावा

तुमच्या सासूबाईंना त्यांच्या ओमाच्या, म्हणजे जर्मन आजीच्या, हातचं 'मांस, मनुकांसारखं काहीतरी गोड आणि वर गोळे' एवढंच आठवतं, असं तुम्ही लिहिलंय. ओमाचं माहेर ब्रेस्लाउचं असेल, तर मला हे श्लेझिशेस हिमेलराइश, म्हणजे 'सिलेशियाचा स्वर्ग', वाटतं. ब्रेस्लाउ म्हणजे पूर्वी जर्मनीत असलेल्या सिलेशिया प्रांताचं मुख्य शहर, आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. १९४५ नंतर तिथल्या लाखो जर्मन लोकांना घरदार सोडावं लागलं आणि त्यांचे पदार्थ जर्मनीभर विखुरले. म्हणून दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात शेजारीपाजारी विचारून हाती काही लागलं नसेल.

सुके आलुबुखार, सफरचंद, पेअर रात्रभर भिजवायचे. धुरी दिलेलं डुकराचं मांस शिजवून त्याच पाण्यात फळं, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल घालायची. लोण्यात परतलेल्या मैद्याने रस दाट करायचा. गोळे काही घरांत बटाट्याचे, काही घरांत यीस्टचे. सासूबाईंना एवढंच विचारा, गोळा चिकट लागायचा की पावासारखा हलका? उत्तर तिथेच मिळेल.

ओमाच्या पाककृतींच्या वहीतलं अक्षर लागत नाही म्हणता, ते बहुधा झ्युटरलिन, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर, असेल. १९४१ मध्ये शाळांतून ते बंद झालं, त्यामुळे आजच्या बऱ्याच जर्मनांनाही ते वाचता येत नाही. आणि वहीत 'फुंट' (जर्मन पौंड) दिसलं की ५०० ग्रॅम धरा, इंग्रजी पौंडाचे ४५४ नव्हे.

सासूबाईंना शेजारी बसवूनच रस्सा चाखा. आंबटगोडाचं प्रमाण त्यांच्या जिभेलाच ठाऊक असणार, आणि ते आताच लिहून ठेवायला हवं.