कुस्तीच्या गेममध्ये जाहिरात नेमकी कुठं लावायची? कमाई वाढली, पण लोक टिकेनात

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून अँड्रॉइडवर मातीतल्या कुस्तीचा एक छोटा गेम केलाय. चित्रं त्याची, कोड माझा. बोट योग्य वेळी ओढलं की ढाक, घिस्सा नाहीतर कलाजंग बसतो. एक लढत दीड-दोन मिनिटांची. गेम फुकट आहे, कमाई फक्त जाहिरातींची.

आधी खाली बॅनर, म्हणजे जाहिरातीची बारीक पट्टी होती, तेवढीच. दिवाळीनंतर एका जाहिरात कंपनीच्या माणसानं सुचवल्यावरून प्रत्येक लढतीआधी पूर्ण पडद्याची जाहिरात सुरू केली. पहिल्याच आठवड्यात कमाई वाढली. मित्र खूश आहे. मी मात्र आकड्यांकडं बघून अस्वस्थ आहे. नवीन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, त्यात फारसा फरक नाही. सातव्या दिवसाचा आकडा खाली आलाय आणि तिसाव्या दिवसाचा त्याहून जास्त.

आमचे पहिले खेळणारे म्हणजे ओळखीच्या तालमीतली पोरं. त्यांच्यातला एक म्हणाला, "दादा, सलामी झाली, आता डाव टाकायचा म्हणून बोट ठेवतोय आणि वर साड्यांची जाहिरात येती. मग मूडच जातोय." तो आता खेळत नाही.

मित्राचं म्हणणं, गेलेल्यांचं काय घेऊन बसलास, नवीन येतायत की. मला हे पटत नाही. ही पोरं गेम आवडला म्हणून आली होती, त्यांना घालवून मिळालेला पैसा मला नकोय. पण पटवायला पुरावा हवा. लोक जाहिरातीमुळंच जातायत हे कसं ठरवायचं? आणि जाहिरात बंद न करता नुसती जागा बदलून भागतं का?

पुण्यातला_कागलकर

भावा, मी पुण्यात गेमच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लढतीआधीची जाहिरात आजच काढ. गुगल प्लेचा नियमच आहे, ३० सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. लेव्हल सुरू होताना अचानक पूर्ण पडद्याची जाहिरात दाखवायची नाही, आणि १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नाही अशी जाहिरात चालत नाही. खेळणाऱ्यानं स्वतःहून निवडलेली बक्षिसाची जाहिरात, जिला आपण रिवॉर्डेड म्हणतो, ती यातून वगळली आहे. सुचवणाऱ्या माणसानं हे सांगायला हवं होतं.

आता जागेचं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात जोड लागायच्या आधी आणि सुटल्यावर इनाम देणाऱ्यांची नावं पुकारली जातात आणि लोक ती ऐकूनही घेतात. पकड बसली असताना कुणी फलक घेऊन मातीत उतरला तर त्याला प्रेक्षक सोडतील का? तुमच्या गेममध्येही निकालाचा पडदा ही मोकळी जागा आहे. तिथं खेळणाऱ्याचं बोट कुठल्या कामात नसतं.

आता मित्राचं गणित. रोजची कमाई बघू नका, एका माणसामागं एकूण किती मिळाले ते बघा. समजा पूर्वी एक माणूस दिवसाला ५० पैसे देत होता आणि १० दिवस टिकत होता, म्हणजे ५ रुपये. जाहिराती वाढवल्यावर दिवसाला ८० पैसे झाले, पण तो ५ दिवसांत गेला. हातात आले ४ रुपये. रोजच्या तक्त्यात मात्र ५० चे ८० झालेले दिसतात आणि सगळे खूश होतात. त्यात आणखी एक गोम आहे. वैतागणारे निघून गेलेले असतात, उरतात ते सोसणारे. त्यामुळं उरलेल्यांची सरासरी आणखीच छान दिसते.

पुरावा हवा म्हणतोस तर गुगलच्या फायरबेसमधल्या रिमोट कॉन्फिगनं (ॲप अपडेट न करता त्याच्या सेटिंग बदलायची सोय) नव्यानं गेम घेणाऱ्यांचे दोन गट पाड. एकाला निकालानंतर जाहिरात, दुसऱ्याला फक्त बॅनर. जुने खेळाडू यात घेऊ नकोस, त्यांची सवय आधीच बिघडलीय. आणि सर्वांत महत्त्वाचं, गट लवकर मोडू नकोस. अमेरिकेत पँडोरा या इंटरनेट रेडिओनं २०१४ ते २०१६ या काळात सुमारे साडेतीन कोटी श्रोत्यांवर असाच प्रयोग केला होता. गटागटाला तासाला कमी-जास्त जाहिराती ऐकवल्या आणि जवळजवळ दोन वर्षं गट तसेच ठेवले. तासाला एक जाहिरात वाढली की ऐकण्याचा वेळ साधारण २ टक्क्यांनी घटत होता. पण पहिल्या महिन्यात यातला थोडाच परिणाम दिसला होता, खरा फटका हळूहळू वाढत गेला. तो रेडिओ होता, तुमचा गेम आहे, टक्के वेगळे येतील. पण माणूस एका जाहिरातीनं जात नाही, साठत साठत जातो. म्हणून तुझा दुसऱ्या दिवसाचा आकडा शाबूत आहे आणि तिसाव्याचा पडलाय.

गुळाचे_दर

माझी गेम नाही, वेबसाइट आहे. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाचे रोजचे दर टाकतो. सकाळी शेतकरी, अडते, ट्रकवाले उघडतात. दर बघायचा आणि बंद, एवढंच काम.

आमच्याकडं जाहिराती किती होत्या यापेक्षा त्या कशा येत होत्या याचा त्रास मोठा होता. पान उघडलं की दराचा तक्ता दिसायचा, माणूस "आजचा दर" वर बोट ठेवणार तेवढ्यात वरची जाहिरात लोड व्हायची आणि तक्ता खाली सरकायचा. बोट पडायचं जाहिरातीवर. क्लिक वाढले, पण ते क्लिक खोटे. त्या माणसाला वाटायचं, यानं मला फसवलं. एक अडत्या तर तोंडावर म्हणाला, "तुझ्या साइटीपेक्षा फोन करून विचारलेलं बरं."

उपाय साधा निघाला. जाहिरातीच्या चौकटीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) आधीच उंची देऊन ठेवली, जाहिरात येवो न येवो जागा तेवढीच राहते. तक्ता आधी, जाहिरातीची स्क्रिप्ट नंतर. पान किती हलतं याचं गुगलचं माप आहे, सीएलएस म्हणतात, ते ०.१ च्या आत असावं लागतं. त्याशिवाय मोबाइलवर मजकुराच्या उंचीत जाहिरातींचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला की 'बेटर ॲड्स' या जाहिरात क्षेत्रातल्या गटाच्या मानकांत ते पान त्रासदायक ठरतं. असल्या साइटवरच्या जाहिराती क्रोम फेब्रुवारी २०१८ पासून गाळतोय. साइटवाल्यांनी हे जरूर बघावं.

आमच्याकडं सकाळची नेहमीची माणसं परत यायला वेळ लागला, पण आली. तो अडत्याही आला.

कळंब्याची_ताई

मला कोडबिड कळत नाही, मी खेळणारी आहे. केएमटीच्या बसमध्ये बसले की कोड्यांचा गेम काढते. माझं सांगते, पटलं तर घ्या.

मी स्वतः अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघते, पण मला एक जीव मिळणार असेल तर. तो सौदा मला मान्य आहे. हरल्या हरल्या तोंडावर जाहिरात आली की राग येतो. आणि ती बंद करायची फुली मुंगीएवढी असली, बोट चुकून दुकानाच्या पानावर गेलं, तर गेम त्याच दिवशी काढून टाकते.

दुसरं, मुलाच्या फोनवर गाड्यांच्या गेममध्ये पैसे लावून पत्ते खेळायच्या जाहिराती यायच्या. दहा वर्षांचं पोर विचारतं, "आई, खरंच पैसे मिळतात काय गं?" ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आली हे चांगलं झालं. पण मी तो गेम त्याआधीच काढला होता. तालमीतली लहान पोरं तुमचा गेम खेळणार असतील तर काय दाखवताय तेही बघा.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लगेच मनावर घेतलं. ॲडमॉबमध्ये, म्हणजे गुगलच्या जाहिरात सेवेत, नको त्या प्रकारच्या जाहिराती अडवायची सोय आहे, ती आज लावली.

लढतीआधीची जाहिरात काढली. आता असं ठरवतोय: नवीन माणसाला पहिल्या काही लढतींत काहीच दाखवायचं नाही. नंतर जिंकल्यावर निकालाच्या पडद्यावर, तीही प्रत्येक वेळी नाही. हरल्यावर जबरदस्तीची जाहिरात अजिबात नाही, तिथं "खुराक घ्या" असं बटण. दाबलं तर जाहिरात, आणि पैलवानाला बदाम-थंडाई मिळून दम भरतो. नको असेल तर सरळ पुढची लढत.

मित्राला ५० आणि ८० पैशांचं गणित दाखवलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, चालेल, पण संक्रांतीला आकडे बघून निर्णय घ्यायचा. मी पाडव्यापर्यंत मागतोय.

पुण्यातला_कागलकर

पाडव्यापर्यंतच मागून घे. शेवटी आलेल्या माणसाचा तिसावा दिवस उजाडल्याशिवाय त्या गटाचा आकडा पक्का होत नाही, संक्रांतीला तुमच्या हातात अर्धवट तक्ता येईल. आणि खुराकाचं बटण दोन्ही गटांना सारखंच दे, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.