एचएफ, १.७ चा नियम आणि द्विध्रुव आघूर्ण
ठाण्याच्या बारावीतल्या मुलाने विचारलेला प्रश्न रास्त आहे: हायड्रोजनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) २.२०, फ्लोरीनची ३.९८, फरक १.७८, मग १.७ च्या नियमाने (फरक १.७ हून जास्त तर बंध आयनिक, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरता एका अणूकडे गेलेला) एचएफ, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड, आयनिक का नाही?

कारण १.७ हा ढोबळ अंदाज आहे, सीमारेषा नव्हे. मोजूनच बघा. एचएफची बंधलांबी ०.९२ अँगस्ट्रॉम. इलेक्ट्रॉन पुरता फ्लोरीनकडे गेला असता तर द्विध्रुव आघूर्ण (भार गुणिले अंतर, एकक डिबाय; एका इलेक्ट्रॉनच्या भाराला दर अँगस्ट्रॉमला ४.८) ४.८ × ०.९२, म्हणजे सुमारे ४.४ डिबाय आलं असतं. प्रत्यक्षात येतं १.८२. भागाकार करा: बंध जेमतेम ४१ टक्के आयनिक. उलट सोडियम हायड्राइडमध्ये फरक अवघा १.२७, तरी तो आयनिक स्फटिक!

बंधावरून थेट रेणूवरही उडी मारू नका. कार्बन टेट्राक्लोराइडचे चारही बंध ध्रुवीय (एक टोक किंचित धन, दुसरं ऋण), पण चतुष्फलकी रचनेमुळे बेरीज शून्य. एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन आला की क्लोरोफॉर्म, १.०४ डिबाय.

आणि पाणी ध्रुवीय आहे हे दाखवायला घासून भारित केलेल्या कंगव्याने नळाची धार वाकवायचा प्रयोग आपल्याकडे पावसाळ्यात फसतो. दमट हवेत कंगव्यावर भार टिकतच नाही. डिसेंबर-जानेवारीत करा. तरी पाण्याच्या ध्रुवीयतेचा तो पक्का पुरावा धरू नका, प्रवर्तनाने, म्हणजे जवळच्या कंगव्याच्या भारामुळे, धारेवर येणाऱ्या भाराचा त्यात मोठा वाटा असतो.